फ्रीसलँडचा ‘आपला आबे’

नेदरलँड्सचा फुटबॉल म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम योहान क्रायफ उभा राहतो. नारिंगी गणवेश, १९७४ची विश्वचषक स्पर्धा, ‘टोटल फुटबॉल’ आणि १४ क्रमांकाची जर्सी. क्रायफने देशासाठी ४८ सामन्यांत ३३ गोल केले. मात्र हा ३३चा आकडा नेदरलँड्सच्या फुटबॉलमध्ये त्याच्या आधीच एकाने गाठून ठेवला होता. त्याला तेवढ्याच गोलांसाठी ४७ सामने पुरले होते. त्याचे नाव आबे लेन्स्ट्रा. जगभरातील फुटबॉलशौकिनांना हे नाव सहसा ठाऊक नसते. तो एकही विश्वचषक खेळला नाही, परदेशी क्लबची जर्सी त्याने कधी अंगावर चढवली नाही आणि राष्ट्रीय विजेतेपदाचा चषकही त्याच्या हाती कधी आला नाही. तरीही देशाच्या उत्तर टोकाला त्याच्या नावाचे स्टेडियम आहे. तेथील जुन्या माणसांच्या लेखी क्रायफ थोर असेल, पण आबे तो आबेच.

लेन्स्ट्राचा जन्म २७ नोव्हेंबर १९२० रोजी हेरेनवेन येथे झाला. हे गाव फ्रीसलँड प्रांतात येते. आपल्याकडे नेदरलँड्सला सर्रास हॉलंड म्हटले जाते. वास्तविक हॉलंड हे पश्चिमेकडील दोन प्रांतांचे नाव आहे, आणि फ्रीसलँडच्या माणसाला हॉलंडचा म्हटलेले फारसे रुचत नाही. त्याची भाषा फ्रिशियन ही डचहून वेगळी असून तिला स्वतःचे साहित्य आहे, राजमान्यताही आहे. हेरेनवेनची वसाहत सोळाव्या शतकात दलदलीतील पीट, म्हणजे जळणासाठी वापरली जाणारी माती, खणून काढण्याच्या धंद्यातून उभी राहिली. गावाच्या नावातील ‘वेन’ हा शब्द त्या मातीचाच. हिवाळ्यात कालवे गोठले की अख्खा प्रांत पायांत स्केट्स चढवून बर्फावर उतरतो. अशा या मुलखात फुटबॉलचे वेड लावण्याचे श्रेय प्रामुख्याने एकाच माणसाकडे जाते.

योगायोग असा की, ज्या क्लबशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले त्या हेरेनवेन क्लबची स्थापनाही १९२०च्या जुलैमध्येच झाली. क्लब आबेहून जेमतेम चार महिन्यांनी मोठा. या क्लबच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीवर लाल रंगाची बदामासारखी चिन्हे असतात. परक्याला ती हृदये वाटतात, पण प्रत्यक्षात ती फ्रीसलँडच्या ध्वजावरील कमळवर्गीय पाणवनस्पतीची पाने आहेत. या जर्सीत आबे पहिल्या संघाकडून १९३६ मध्ये खेळू लागला तेव्हा त्याने वयाची सोळा वर्षेही पूर्ण केलेली नव्हती. थोरला भाऊ यान हाही त्याच क्लबचा खेळाडू होता.

त्या काळी संघाची रचना आजच्यासारखी नसे. आघाडीला पाच जण असत. दोन बगलांवर दोघे, मध्यभागी सेंटर फॉरवर्ड आणि त्याच्या दोन्ही अंगांना थोडे मागे राहून खेळणारे दोन ‘इनसाइड’. मध्यफळीकडून चेंडू घ्यायचा, एखाद-दोघांना चकवायचे, बगलेवरच्या साथीदाराला पुढे सोडायचे आणि संधी दिसताच स्वतः गोलाकडे धावायचे, हे इनसाइडचे काम. संघाचा मेंदू बहुतेक वेळा या जागी असे. लेन्स्ट्रा हा डाव्या बाजूचा इनसाइड होता. चेंडूवरील ताबा, अचूक पास आणि गोलासमोरची थंड नजर हे गुण त्याच्याकडे होतेच. त्याहून विशेष म्हणजे आपल्याला कोठे खेळायचे आहे, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसे. हा शेवटचा गुण पुढे निवड समितीला बराच महागात पडला, आणि त्यालाही.

राष्ट्रीय संघात त्याने पदार्पण केले ते ३१ मार्च १९४० रोजी, लक्झेंबर्गविरुद्ध. वय १९ वर्षे. नेदरलँड्सने तो सामना ५-४ असा गमावला. चिमुकल्या लक्झेंबर्गकडून झालेला पराभव एरवी कितीतरी दिवस चघळला गेला असता. परंतु अवघ्या ४० दिवसांनी, १० मे रोजी, हिटलरच्या फौजा देशात घुसल्या आणि फुटबॉलची चर्चा मागे पडली. त्यानंतर मार्च १९४६ पर्यंत नेदरलँड्सचा संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. आघाडीपटूची ऐन उमेदीची वर्षे म्हणजे विशीतली पहिली पाच-सहा. लेन्स्ट्राची नेमकी तीच वर्षे युद्धाने गिळली. ४७ हा आकडा पाहताना हे ध्यानात घेतले पाहिजे.

व्याप्त देशात क्लबांचे सामने मात्र सुरू राहिले. राष्ट्रीय विजेता ठरवण्याची पद्धत तेव्हा निराळी होती. देशाचे विभाग पाडलेले असत आणि विभागांचे विजेते वर्षअखेरीस एकमेकांशी खेळून राष्ट्रीय विजेता ठरत असे. उत्तर विभागात ग्रोनिंगेनसारख्या मोठ्या शहरातील क्लबांचा दबदबा होता. तो हेरेनवेनने मोडून काढला. १९४२ पासून १९५१ पर्यंत, युद्धामुळे स्पर्धाच न झालेला १९४५चा हंगाम वगळता, उत्तरेचे विजेतेपद दरवर्षी हेरेनवेनकडेच राहिले. एवढ्याशा गावाचा क्लब दर वर्षी अॅमस्टरडॅम-रॉटरडॅमच्या संघांपुढे उभा राहू लागला. फ्रीसलँडच्या लोकांनी आपल्या या खेळाडूला त्यांच्या भाषेत एक नाव दिले : ‘उस आबे’. डच भाषेत त्याचा अर्थ होतो ‘आमचा आबे’. मराठीत मात्र ‘आपला आबे’ म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण त्या संबोधनात ऐकणाराही सामावलेला असे.

या नावाभोवती ज्या दंतकथा आहेत, त्यांतील सर्वांत मोठी खरी घडलेली आहे. तारीख ७ मे १९५०. राष्ट्रीय विजेतेपदाच्या फेरीत हेरेनवेनच्या मैदानावर अयाक्सचा संघ आला होता. पुढे ‘टोटल फुटबॉल’चे जनक म्हणून गाजलेले रिनुस मिशेल्स त्या काळात अयाक्सच्या आघाडीला खेळत असत. अयाक्सने गोलांचा सपाटा लावला आणि दुसऱ्या डावात धावफलक १-५ असा झाला. अर्ध्या तासाहूनही कमी वेळ उरला होता. अशा वेळी प्रेक्षक चुळबुळू लागतात, काही सायकलीकडे वळतात. पण हेरेनवेनने एक गोल केला, मग दुसरा, तिसरा. आक्रमणाची सारी सूत्रे लेन्स्ट्राने हाती घेतली होती आणि राजधानीच्या त्या संघाची बचावफळी अक्षरशः सैरभैर झाली होती. पाच-पाच अशी बरोबरी झाली आणि अखेर सहावा गोलही झाला. हेरेनवेन ६, अयाक्स ५.

हा सामना फ्रीसलँडमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितला गेला. तो प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणाऱ्यांची संख्या मैदानाच्या क्षमतेच्या कितीतरी पट असावी; अशा सामन्यांचे सर्वत्र असेच होते. कथेचा शेवट मात्र सहसा सांगितला जात नाही. त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद हेरेनवेनला मिळाले नाही. ते दक्षिणेकडील खाणपट्ट्यातील लिंबुर्गिया क्लबने पटकावले. नऊ वेळा उत्तरेचा विजेता ठरूनही लेन्स्ट्राच्या हेरेनवेनला देशाचे विजेतेपद एकदाही साधले नाही.

येथपर्यंतची सारी वर्षे तो हौशी खेळाडू होता. उपजीविकेसाठी तो हेरेनवेनच्या नगरपालिकेच्या कचेरीत नोकरी करी आणि रविवारी मैदानात उतरे. यात त्याच्या पसंतीचा भाग थोडा आणि कायद्याचा अधिक होता. फुटबॉल खेळून पैसे घेणे नेदरलँड्सच्या फुटबॉल संघटनेला मुळीच मान्य नव्हते. इंग्लंड, इटली, स्पेन, फ्रान्स येथे व्यावसायिक फुटबॉल कधीच रुजला होता. पण डच संघटनेचे धुरीण, विशेषतः युद्धकाळापासून १९५२ पर्यंत अध्यक्षपदी असलेले कारेल लोत्सी, हौशी खेळाच्या पावित्र्याविषयी अत्यंत कडवे होते. परदेशात जाऊन जो पैसे घेईल त्याला राष्ट्रीय संघाची दारे बंद, असा नियम होता.

या नियमाचा पहिला मोठा बळी लेन्स्ट्राच्या आधीच्या पिढीतला. जावा बेटावर, म्हणजे तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या बेप बाखाउस या आघाडीपटूने देशासाठी २३ सामन्यांत २८ गोल केले होते. १९३७ मध्ये तो फ्रान्सच्या मेट्झ क्लबकडे गेला आणि पुढच्याच वर्षीच्या विश्वचषकाला मुकला. त्यानंतर तो नेदरलँड्सकडून पुन्हा कधीच खेळला नाही. युद्धानंतर ही गळती वाढली. १९४९ मध्ये रॉटरडॅमचा फास विल्कस इटलीच्या इंटर मिलानकडे गेला, बर्टस द हार्डर फ्रान्समध्ये बोर्दोकडे. केस रायव्हर्सने सेंट-एतिएनची वाट धरली. विल्कस, लेन्स्ट्रा आणि रायव्हर्स या तिघांना डच फुटबॉलमध्ये आघाडीचे ‘सुवर्णत्रिकूट’ म्हणून ओळखले जाते. या तिघांना एकत्र खेळताना मात्र फार थोड्यांनी पाहिले, कारण त्यांतील दोघे ऐन बहरात असताना संघटनेच्या बहिष्काराखाली होते.

लेन्स्ट्रा मागे राहिला. बोलावणी त्यालाही होती. फिओरेंटिनासह इटलीतील क्लबांचे डोळे त्याच्यावर होते. नगरपालिकेतील कारकुनाला आयुष्यभरात मिळणार नाही एवढा पैसा तिकडे एक-दोन वर्षांत मिळाला असता. तरीही तो गेला नाही. वृत्तपत्रांनी आणि संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी याचे मोठे कौतुक केले. पैशाच्या मागे धावणाऱ्या विल्कससमोर मातीशी इमान राखणारा लेन्स्ट्रा, असे जोडचित्र रंगवले गेले. संघटनेला तर तो वरदानासारखाच होता. देशातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक विनामूल्य खेळतो आहे, मग नियम बदलायचे कशासाठी?

हे चित्र सोयीचे होते, पण पुरते खरे नव्हते. लेन्स्ट्रा हा कोणत्याही तत्त्वाचा प्रचारक नव्हता. आपले गाव, आपली भाषा, आपला क्लब यांत तो रमलेला होता आणि परक्या मुलखात जाऊन नव्याने मांड ठोकण्याची त्याला ओढ नव्हती. यात थोरवी शोधायची तर शोधता येईल, पण तो स्वभावाचा भाग होता. पदाधिकाऱ्यांनी त्याला तत्त्वनिष्ठेचा मुलामा दिला. तो संघटनेचा आज्ञाधारक सेवक नव्हता, हे तर राष्ट्रीय संघाच्या निवडीतून वारंवार दिसत होते.

तेव्हा राष्ट्रीय संघ प्रशिक्षक नव्हे, तर संघटनेची समिती निवडत असे. विल्कस आणि लेन्स्ट्रा यांच्यासारखे दोन इनसाइड हाताशी असताना समितीला सुचलेला उपाय म्हणजे लेन्स्ट्राला डाव्या बगलेवर पाठवणे. आबेला ते नामंजूर होते. बगलेवर उभे राहून चेंडूची वाट पाहणे हा आपला खेळ नव्हे, अशी त्याची धारणा होती आणि ती तो लपवत नसे. परिणामी तो कधी संघात असे, कधी नसे. १९४० ते १९५९ अशी एकोणीस वर्षांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द आणि सामने अवघे ४७. युद्धाची सहा वर्षे वजा केली तरी हे गणित नीट जुळत नाही. उरलेली तफावत या हट्टाच्या खाती जमा आहे. चूक कोणाची, यावर हेरेनवेनमध्ये आणि अॅमस्टरडॅममध्ये वेगवेगळी उत्तरे मिळतील. एवढे खरे की, उत्तम खेळाडू परदेशी आणि उरलेल्यांतला उत्तम रुसलेला, अशा अवस्थेत पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी नेदरलँड्सचा संघ युरोपात कोणाच्या खिजगणतीत नव्हता. १९५० आणि १९५४च्या विश्वचषकांच्या पात्रता फेरीत तर नेदरलँड्सने भागच घेतला नाही.

कोंडी फोडली ती समुद्राने. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आले, नैऋत्येकडील बांध फुटले आणि झीलँड व आसपासच्या प्रदेशात १,८३६ माणसे दगावली. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी परदेशात खेळणाऱ्या डच व्यावसायिक खेळाडूंनी १२ मार्च १९५३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाविरुद्ध सामना आयोजित केला. अशा कामासाठी परवानगी नाकारणे संघटनेला शक्य नव्हते. मायदेशात बहिष्कृत ठरलेल्या या खेळाडूंनी तो सामना २-१ असा जिंकला. द हार्डर आणि ब्राम आपेल यांनी गोल केले. देशाच्या अधिकृत संघाला विजय दुर्मिळ झालेले असताना ‘गद्दारां’चा संघ फ्रान्सला त्यांच्याच राजधानीत हरवतो, हे पाहिल्यावर हौशीपणाच्या पावित्र्याविषयीची व्याख्याने फार काळ टिकणे कठीण होते. १९५४च्या उन्हाळ्यात संघटनेला न जुमानता व्यावसायिक क्लबांनी स्वतःची स्पर्धा सुरू केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही गटांत समेट झाला. नेदरलँड्समध्ये व्यावसायिक फुटबॉल अधिकृत ठरला.

याच वर्षी लेन्स्ट्राने हेरेनवेन सोडले. तो जर्मन सीमेलगतच्या एन्स्खेडे या कापडगिरण्यांच्या शहरात, स्पोर्टक्लब एन्स्खेडेकडे गेला. फ्लॉरेन्सला नाही म्हणणारा आबे एन्स्खेडेला हो म्हणाला, यात अनेकांना विसंगती दिसली. खरे तर तीत कोडे काहीच नाही. वय ३३ झाले होते, अठरा वर्षे गावच्या क्लबकडून विनामोबदला खेळून झाली होती, आणि आता देश न सोडता, राष्ट्रीय संघाचे दार बंद करून न घेता खेळाचा मोबदला मिळणार होता. कोणत्याही शहाण्या माणसाने केले असते तेच त्याने केले. हेरेनवेनचे मात्र कंबरडे मोडले. आबे गेल्यानंतर तो क्लब जो खालच्या श्रेणीत घसरला, तो पुढची कित्येक दशके वर येऊ शकला नाही.

तिशी उलटलेल्या आघाडीपटूला व्यावसायिक फुटबॉल झेपेल काय, अशी शंका घेतली गेली असेल तर तिचे उत्तर त्याने १४ मार्च १९५६ रोजी डुसेलडॉर्फमध्ये दिले. समोर पश्चिम जर्मनीचा संघ होता, दोनच वर्षांपूर्वी हंगेरीला हरवून विश्वविजेता झालेला. प्रशिक्षक झेप हेरबर्गर. नेदरलँड्स आणि जर्मनी यांच्यातील हा युद्धानंतरचा पहिलाच सामना होता. पाच वर्षांच्या जर्मन अंमलाच्या जखमा डच घराघरांत तेव्हा ओल्या होत्या. या सामन्यात खेळाखेरीज आणखी काय पणाला लागले होते, हे कोणी कोणाला सांगण्याची गरज नव्हती. नेदरलँड्सने तो २-१ असा जिंकला. दोन्ही गोल लेन्स्ट्राचे. त्याचे वय तेव्हा ३५ वर्षे.

नेदरलँड्स-जर्मनी वैराच्या कथा सांगताना सहसा सुरुवात १९७४च्या म्युनिकमधील अंतिम सामन्यापासून होते, आणि तो सामना क्रायफच्या संघाने गमावला होता. त्याच्या अठरा वर्षे आधी, जर्मनीच्याच भूमीवर, एका प्रौढ फ्रिशियन माणसाने विश्वविजेत्यांना दोनदा चकवले, हा अध्याय मात्र अनेकदा गाळला जातो. दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दिसणारे सामने स्मरणात राहतात; लेन्स्ट्राच्या बहराचा काळ त्याआधीचा.

विश्वचषकाचे दार त्यालाही उघडले नाही. १९५८च्या स्पर्धेसाठी नेदरलँड्सने पात्रता फेरी खेळली, पण गटात ऑस्ट्रिया पुढे गेला. त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद हाताशी आले होते. हंगामाअखेरीस एन्स्खेडे आणि उत्रेख्तचा डॉस क्लब यांचे गुण समान झाले. निर्णायक सामना नायमेखेन येथे खेळवला गेला. निर्धारित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेत डॉसच्या टोनी फान डेर लिंडेनने गोल केला आणि विजेतेपद उत्रेख्तला गेले. एका गोलाचे अंतर. लेन्स्ट्राच्या कारकिर्दीत राष्ट्रीय विजेतेपद याहून जवळ कधी आले नाही.

त्याने अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना एप्रिल १९५९ मध्ये बेल्जियमविरुद्ध खेळला, वयाच्या ३८व्या वर्षी. १९६० मध्ये तो एन्स्खेडे शहरातल्याच दुसऱ्या क्लबकडे, एन्स्खेडेसे बॉईजकडे गेला. त्याच वर्षी त्याच्या जुन्या क्लबने हेल्मुट राह्न या जर्मन खेळाडूला करारबद्ध केले. १९५४च्या अंतिम सामन्यात जर्मनीला विश्वविजेता करणारा गोल याच राह्नचा. लेन्स्ट्रा १९६३ पर्यंत खेळत राहिला. बूट काढून ठेवले तेव्हा तो ४२ वर्षांचा होता आणि पहिल्या संघात पाऊल ठेवल्याला २७ वर्षे उलटून गेली होती. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, एन्स्खेडेतील हे दोन्ही क्लब एकत्र झाले आणि त्यातून एफसी ट्वेंटे हा क्लब जन्माला आला.

तोवर डच फुटबॉलचे रूप पालटले होते. व्यावसायिकतेचे फळ पुढच्या पिढीने चाखले. १९७० ते १९७३ या चार वर्षांत फेयेनूर्ड एकदा आणि अयाक्स तीनदा युरोपचे विजेते झाले. ज्या पाच-सहा वर्षांत लेन्स्ट्राच्या पिढीला एकतर देश किंवा पैसा यांपैकी एकच निवडावे लागत होते, त्याच वयात क्रायफला दोन्ही मिळाले. हा दोष किंवा गुण दोघांपैकी कोणाचाच नव्हे. गोल मात्र सारखेच, ३३.

लेन्स्ट्राचे उत्तरायुष्य सुखाचे झाले नाही. १९७७ मध्ये त्याला मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला आणि पुढची आठ वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली. त्याच १९७७ मध्ये हेरेनवेन क्लबचे विभाजन होऊन व्यावसायिक विभागाने नवे स्वतंत्र रूप धारण केले. २ सप्टेंबर १९८५ रोजी लेन्स्ट्राचे हेरेनवेनमध्ये निधन झाले, तेव्हा त्याचा क्लब दुसऱ्या श्रेणीतच खेळत होता. सर्वोच्च श्रेणी, म्हणजे एरेडिव्हिजी, सुरू होऊन २९ वर्षे झाली होती आणि हेरेनवेनने तिच्यात एकही हंगाम खेळलेला नव्हता.

पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, गावातल्या जुन्या मैदानाला आबे लेन्स्ट्रा स्टेडियम हे नाव देण्यात आले. १९९० मध्ये हेरेनवेनने एरेडिव्हिजीत प्रवेश केला, लगेच खाली घसरला आणि १९९३ मध्ये पुन्हा वर आला. त्यानंतर नवे स्टेडियम बांधण्यात आले. २० ऑगस्ट १९९४ रोजी तत्कालीन राजपुत्र विलेम-अलेक्झांडर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नावाविषयी चर्चेचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीला साडेतेरा हजारांच्या आसपास असलेली प्रेक्षकक्षमता नंतर टप्प्याटप्प्याने सुमारे २७ हजारांवर नेण्यात आली. गावाची स्वतःची लोकसंख्या त्याहून फारशी अधिक नाही, हे लक्षात घेतले म्हणजे प्रेक्षक सबंध प्रांतातून येतात याची कल्पना येते. सामन्याआधी तेथे फ्रीसलँडचे प्रांतगीत गायले जाते. लेन्स्ट्राचा पुतळाही स्टेडियमपाशी आहे.

त्याच्या नावाच्या या मैदानावर पुढे जे घडले, त्यात एक गंमत आहे. हेरेनवेनचे अर्थकारण तरुण खेळाडू घडवून मोठ्या क्लबांना विकण्यावर उभे राहिले. आघाडीपटू ही तर त्यांची खासियत. रूड फान निस्टलरॉय हा तेथे १९९७-९८चा एकच हंगाम खेळला आणि पीएसव्ही आइंडहोव्हेनकडे गेला; तेथून मँचेस्टर युनायटेड, मग रेआल माद्रिद. पुढे क्लास-यान हुंटेलारही याच वाटेने मोठा झाला. ज्याने परदेशी बोलावणी परतवली, त्याच्या नावाच्या स्टेडियमातून एकामागून एक आघाडीपटू परदेशी निघाले आणि त्या पैशांतून क्लब उभा राहिला. २००० मध्ये हेरेनवेन चॅम्पियन्स लीगपर्यंत पोहोचला. गटात वॅलेन्सिया होता, एकेकाळी फास विल्कसने गाजवलेला क्लब.

मोठा चषक मात्र अजूनही हुलकावणी देत होता. १९९३ आणि १९९७ मध्ये डच चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेरेनवेनला पराभव पत्करावा लागला होता. १७ मे २००९ रोजी रॉटरडॅमला संघ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. प्रतिस्पर्धी होता एफसी ट्वेंटे, म्हणजे एन्स्खेडेतील आबेच्या दोन्ही क्लबांचा वारस. जादा वेळेनंतर २-२ अशी बरोबरी राहिली. पेनल्टी शूटआऊटमध्ये हेरेनवेनने ५-४ अशी बाजी मारली आणि क्लबच्या ८९ वर्षांच्या इतिहासातील पहिला राष्ट्रीय चषक फ्रीसलँडमध्ये आला.